सुट्या दगडाचा अहवाल

भिंगकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गळ्यातलं भिंग काही उतरलं नाही. काळ्या दोरीला बांधलेलं, अंगठ्याएवढं भिंग. आंघोळीला जाताना खुंटीवर, बाहेर आले की पुन्हा गळ्यात. हा माणूस एक दिवस आपला टोमॅटोही भिंगातून तपासणार, अशी धास्ती भाजीवाल्याला वाटायची. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं म्हणा, पण जिन्यात दिवसासुद्धा अंधार. वाचतो कोण? अख्ख्या इमारतीला ते भिंगकाकाच.

एकतीस वर्षं त्यांनी दगडांच्या सरकारी खात्यात काढली. साहेब म्हणून नव्हे हं! साहेबांबरोबर डोंगर तुडवायचे, हातोड्याने नमुने तोडायचे, त्यांवर आकडे घालायचे, पोत्यात भरायचे आणि पोतं आपल्याच पाठीवर घ्यायचं, हे त्यांचं काम. साहेब येत, शिकत, बढती घेऊन जात. हे आपले होते तिथेच. नव्या साहेबाने पुस्तकातून डोकं वर काढायच्या आत यांनी दगड फोडून आतली ताजी बाजू बघितलेली असे, तिला जिभेचं टोक लावलेलं असे आणि एक कण दाताखाली धरलेला असे. कचकच लागली की वाळूचा दगड. कचकच न होता गिळगिळीत लागला की चिखलाचा. "वालुकाश्म आहे साहेब, लिहून टाका." साहेब लिहून टाकत. खाली सही साहेबांची. एकतीस वर्षांत शेकडो अहवाल झाले, त्यातल्या एकावरही भिंगकाकांची सही नव्हती.

कामाच्या दोन गोष्टी त्यांना पहिल्या साहेबाने शिकवल्या होत्या, आणि नंतरच्या प्रत्येक साहेबाला त्यांनी त्या इतक्या वेळा ऐकवल्या की साहेब लोक कान झाकायचे. एक म्हणजे, जागेवरचा दगड काढण्याआधी त्यावर पेन्सिलने बाण काढायचा, आभाळाकडे तोंड करून. एकदा दगड सुटला की वरचं कोणतं नि खालचं कोणतं हे सांगायला देव आला तरी त्याला जमायचं नाही. आणि दुसरी, वाटेत लोळणाऱ्या दगडावरून कधी निकाल द्यायचा नाही. पहिले साहेब म्हणत, "सुटा दगड म्हणजे ऐकीव गोष्ट. जागेवरचा दगड म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराकडे चालत जायचं असतं."

चालत जाण्यात काकांचा हात कोणी धरला नसता. घरी यायचं तेवढं राहून जायचं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ते तंबूत होते. एका कड्याचे थर खालून वर मोजत आणले होते आणि वरचे दोन दिवसांचे राहिले होते. निरोप आला, बायकोची तब्येत बरी नाही. साहेब म्हणाले, "जा तुम्ही." हे म्हणाले, "एवढं उरकतो आणि जातो, पुन्हा कोण एवढ्यासाठी इथे येणार?" बायकोची तब्येत काय, अधूनमधून बरी नसायचीच. त्यांनी थर उरकले, पोतं बांधलं, घरी पोचले. दार उघडं होतं, आत माणसं बसली होती, आणि बायको गेली होती, तिला पोचवून सगळं झालंही होतं. मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची. ती रडली नाही, ओरडली नाही. पाठीवरच्या पोत्याकडे बघून एवढंच म्हणाली, "ते खाली ठेवा. जड असेल."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं काका पुढे कितीदा स्वतःशी म्हणाले. शिवी विसरता येते. ते वाक्य काही केल्या विसरता येईना.

मुलीचं लग्न झालं, ती बसने पाच तासांवर राहायला गेली. वर्षातून दोन-तीन फोन. "बरं आहे?" "बरं आहे." "औषध घेता?" "घेतो." मग दोघंही दुसऱ्याने फोन ठेवायची वाट बघत. लहानपणी हीच मुलगी सुटीत त्यांच्या मागे मागे डोंगरावर यायची, आपल्याहून मोठा दगड उचलायला बघायची, म्हणून ते तिला मुंगी म्हणायचे. ती आठ वर्षांची असताना त्यांनी तिला बाण काढायला शिकवलं होतं. आता दोन खोल्यांत ते एकटे होते, खिडकीत ओळीने मांडलेले दगड होते, आणि संध्याकाळी दोन कप चहा करून एक ओतून द्यायची त्यांची सवय होती. करायचाच कशाला दोन कप? पण एक कप करायला हात वळत नसे.

अशातच एका दुपारी पार्सल आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोन मुठींएवढा दगड, आणि चिठ्ठी.

"बाबा, घरामागे एक खोली काढायची आहे. तिथला हा दगड. यावर पाया धरेल का? गवंडी म्हणतो खुशाल बांधा. पण तुम्ही सांगा. — मुंगी."

काका खुर्चीवर बसले. उठले. पुन्हा बसले. नऊ वर्षांत तिने त्यांना काही विचारलं नव्हतं. औषध घेता का हे काही विचारणं नव्हे, ते कर्तव्य. हे विचारणं होतं! 'पण तुम्ही सांगा' हे तीन शब्द त्यांनी भिंगातूनसुद्धा वाचले. शाईच होती, दुसरं काय दिसणार?

मग त्यांनी दगड हातात घेतला, उलटापालटा केला, आणि मन जरा खट्टू झालं. बाण नव्हता. एवढं घोकून घेतलं होतं पोरीकडून, आणि दगडावर साधी पेन्सिलची रेघ नाही. विसरली. नऊ वर्षांत बाप विसरली, तर बाण कुठून लक्षात ठेवणार? असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, टेबल रिकामं केलं आणि कामाला लागले.

काम कसं, तर साग्रसंगीत. दगड बाहेरून तपकिरी, कडा झिजून गोल झालेल्या. हातोडीने एक टवका काढला. आतही पिवळट तपकिरी. भिंग लावलं तर कण साखरेएवढे, एकसारखे, काचेसारखे चमकणारे. खिशातल्या चाकूच्या पात्यावर एक कण घासला, पात्यावर ओरखडा उठला. म्हणजे गारगोटीची वाळू, शंका नको. जीभ लावली, जीभ चिकटली. दाताखाली कचकच. वालुकाश्म! हे ओळखायला त्यांना अर्धं मिनिट पुरलं असतं, त्यांनी दोन तास लावले. पण दगड ओळखणं वेगळं आणि समजणं वेगळं. वाळूचे कण तर सगळीकडे सारखेच. त्यांना एकमेकांशी कशाने बांधलंय, त्यावर दगडाचा भरवसा. काकांनी अंगठा घासला. कण भुरुभुरु गळाले. तोंडाची वाफ सोडून वास घेतला, मातीचा वास आला. जपून ठेवलेल्या बाटलीतून तेजाबाचा एक थेंब टाकला. आत चुना असता तर फेस आला असता. थेंब निमूट मुरला. शेवटी एक तुकडा वाटीत पाण्यात घालून ठेवला. सकाळी वाटीत तुकडा नव्हता, तळाला वाळू होती.

आता सांगा, याच्यावर कोण घर बांधील?

त्यांनी अहवाल लिहायला घेतला. साधी चिठ्ठी लिहिली असती तर चाललं असतं, पण नाही! आयुष्यात पहिल्यांदा यांना कोणी अहवाल मागितला होता. विषय, नमुन्याचं वर्णन, चाचण्या, निष्कर्ष, सगळं रकान्यात. 'सदर खडक अत्यंत ठिसूळ असून पाण्याच्या संपर्कात विघटन पावतो. सदर जागेवर कोणतेही बांधकाम करू नये.' आणि खाली, एकतीस वर्षं जिथे साहेबांचं नाव पडत आलं तिथे, स्वतःची ठसठशीत सही.

शुद्धलेखन तपासायला ते खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे गेले. बाई निवृत्त शिक्षिका, जिभेला धार अशी की पेन्सिलीला टोक काढून घ्यावं. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"हे मुलीला लिहिलंय की मंत्र्याला?"

"अहवाल असाच लिहितात."

"मुलीला कोण लिहितं अहवाल? 'कशी आहेस' एवढं तरी घाला वर कुठेतरी."

"ते त्यात बसत नाही," काका म्हणाले.

"बसत नाही!" बाईंनी कागद परत दिला. "काका, तुम्हाला बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बरं, तिथे जाऊन बघितलंत का तरी?"

"दगड इथे आलाय ना!"

हे ते बोलून गेले. स्वतः बोलले, ठणकावून बोलले, आणि त्यांना काहीसुद्धा खटकलं नाही. माणसाला घाई झाली की आपलाच मंत्र आपल्याला ऐकू येत नाही.

अहवाल गेला. आठ दिवस काही उत्तर नाही. काका रोज फोनचा आवाज मोठा आहे ना ते बघत. नवव्या दिवशी जावयाचा फोन आला. जावई भला माणूस, पण सासऱ्याशी बोलताना परीक्षेला बसल्यासारखा बोलायचा.

"अहवाल मिळाला बाबा. गवंड्याला नको म्हणून कळवलं. त्याने दुसरं काम घेतलं."

"बरं केलंत," काका म्हणाले. "दगड वाईट आहे."

"हो. तिने वाचला. एकदाच वाचला आणि कपाटात ठेवला." जावई घुटमळला. "बाबा, तिने सांगू नका म्हटलंय. पण मला राहवत नाही. ती खोली तुमच्यासाठी होती. तुम्ही तिकडे एकटे असता म्हणून. खिडकीला फळी रुंद हवी, दगड मांडायला, एवढंसुद्धा तिने गवंड्याला सांगून ठेवलं होतं."

जावई दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाला. मग यांनी "बरं आहे" म्हणून फोन ठेवला, कारण दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. स्वतःच्या सहीने, रकाने आखून, त्यांनी स्वतःची खोली मोडली होती. त्या संध्याकाळी त्यांनी दोन कप चहा केला आणि दोन्ही ओतून दिले. मास्तरीणबाई वर आल्या, तर दार लोटलेलं आणि काका दगड मांडीवर घेऊन बसलेले.

"काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाई पहिल्यांदाच काही टोचून बोलल्या नाहीत. म्हणून तर काकांना जास्तच रडू आलं. बाईंनी दगड त्यांच्या मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, तो गडगडत काठापर्यंत गेला, आणि तिथेच त्यांनी तो धरला.

"गोल आहे हो अगदी," बाई म्हणाल्या. "लोळून लोळून झालाय का असा?"

काकांनी मान वर केली. गोल कडा त्यांनी बघितल्या होत्या. अहवालात लिहिल्याही होत्या, 'कडा झिजलेल्या' म्हणून. लिहिल्या आणि पुढे गेले! जागेवरून फोडलेल्या दगडाला कडा धारदार असतात. हा फोडलेला नव्हता, हा उचललेला होता. उन्हापावसात वर्षानुवर्षं लोळून, आतला चुना धुऊन गेलेला सुटा दगड. एकतीस वर्षं साहेबांचे कान किटवले, आणि मुलीने विचारलं तेव्हा ऐकीव गोष्टीवर सही ठोकून मोकळे!

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," काका म्हणाले.

"पुढचं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पहिली बस सातला आहे."

सहा वर्षांनी हातोडा पिशवीत गेला. भिंग गळ्यात होतंच. तेजाबाची बाटली फडक्यात गुंडाळली. पाच तास बसमध्ये ते मनाशी वाक्यं जुळवत होते, 'मी फेरतपासणीसाठी आलो आहे' इथपर्यंतच गाडी यायची आणि अडायची. खाली खडक बरा निघाला नाही तर? तर तेही सांगावं लागणार होतं. दगडाबद्दल खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं. खोली हवी म्हणून खोली मिळत नसते, हे त्यांना गवंड्याहून चांगलं कळत होतं, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदाच एखादा दगड चांगला निघावा म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

मुलीने दार उघडलं. कानशिलावर दोन-तीन केस पांढरे दिसले. कधी झाले?

"बाबा? असे अचानक? न कळवता?"

"फेरतपासणीसाठी," काका म्हणाले, आणि लाजले.

तिने पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. ते म्हणाले, आधी जागा. ती पुढे झाली, हे मागून. घरामागे कपडे वाळत घालायच्या तारेपलीकडे गवंड्याने आखलेला चुन्याचा चौकोन अजून पुसट दिसत होता. एका कोपऱ्यात गुडघाभर खड्डा. बस्स, एवढंच काम झालं होतं.

काका खड्ड्यात उतरले. चौसष्टाव्या वर्षी खड्ड्यात उतरणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे, पण मुलगी हात द्यायला पुढे यायच्या आत ते उतरलेसुद्धा. वर माती, खाली तोच पिवळट भुसभुशीत थर. हातोड्याची चोच मारली. धप. पुन्हा धप. तिने पहार आणून दिली. ते खणू लागले. ती काठावर उभी राहून बघत राहिली, थांबा म्हणाली नाही. धप, धप. वीतभर गेलं, हातभर गेलं. काकांचा सदरा पाठीला चिकटला. मनात एकच चाललं होतं, अजून थोडं, अजून थोडं.

आणि मग पहार वाजली. खण्ण!

काकांनी पहार टाकली, हातोडा घेतला, माती हातांनी सारली. खाली करडा, घट्ट खडक होता. हातोडा मारला की धातूसारखा वाजत होता. अंगठा घासला, एक कण सुटेना. त्यांनी बाटली उघडली आणि एक थेंब टाकला. पांढरा फेस चर्रकन उसळून आला.

"चुना!" काका ओरडले. "चुन्याने बांधलेत कण! हाच दगड, मुंगी, वरचा आणि हा एकच! वरच्यातला चुना पावसाने नेला, खाली सगळा शाबूत आहे. एक खोली काय, तीन मजले चढव!"

काका थांबले. श्वास घेतला.

"तू पाठवलास तो दगड कुठे सापडला होता?"

"इथेच. वर गवतात पडला होता."

"मग बाण का नाही काढलास? मी शिकवलं होतं तुला."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा, लोळणाऱ्या दगडाला बाण नसतो," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलं होतं. सुटा असेल तर काढायचा नाही, म्हणजे बघणाऱ्याला कळतं. मला वाटलं, तुम्हाला कळेल. तुम्ही म्हणाल, हा सुटा आहे, मी येऊन बघतो."

काका खड्ड्यात उभे होते. काठ त्यांच्या कमरेएवढा होता. ती विसरली नव्हती. एक अक्षर विसरली नव्हती, तिने तर बोलावलं होतं. आणि त्यांनी उत्तरादाखल रकाने आखून पाठवले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"दगडाचं?"

"दगडाचंही." या वेळी ते एवढ्यावर थांबले नाहीत. "ते दोन दिवसांचे थर कोणीही मोजले असते. मी यायला हवं होतं."

मुलीने तारेवरून घसरलेला एक कपडा नीट केला.

"आई दाराकडे बघत होती," ती म्हणाली. "दोन्ही दिवस. जिना वाजला की माझ्याकडे बघायची. ते मी विसरणार नाही, बाबा."

"नकोच विसरूस."

"आणि गवंडी आता तीन महिने मिळायचा नाही."

"थांबतो मी. थांबायला काय लागतं?"

ती खाली बसली आणि तिने हात पुढे केला. काकांना वाटलं, वर घ्यायला. त्यांनी हात दिला, तर तिने तो बाजूला सारला.

"पेन्सिल द्या," ती म्हणाली.

त्यांनी खिशातली पेन्सिल दिली. ती खड्ड्यात उतरली, गुडघ्यांवर बसली, करड्या खडकाच्या उभ्या कडेवरची माती पदराने पुसली आणि सावकाश, न चुकता, वरच्या दिशेने एक बाण काढला.

"हं," ती बाजूला सरकत म्हणाली. "आता काढा. खोलीच्या खिडकीत ठेवायला."